पॅलॅडियम काळं का पडलं नाही

१८०३ च्या एप्रिलमध्ये लंडनमधल्या रसायनज्ञांच्या हाती एक निनावी पत्रक पडलं. 'पॅलॅडियम, अर्थात नवी चांदी' असा मथळा, खाली या धातूचे गुण, आणि शेवटी विक्रीचा पत्ता: सोहो भागातली जेरार्ड स्ट्रीट, घर क्रमांक २६, फॉर्स्टरबाई. नमुन्यांचे दर तीन: पाच शिलिंग, अर्धी गिनी, एक गिनी. शोध कोणाचा, धातू कुठून आला, याबद्दल चकार शब्द नाही. नवं मूलद्रव्य हाती लागलं की माणूस रॉयल सोसायटीत निबंध वाचतो. इथं कुणीतरी ते थेट दुकानात मांडून मोकळा झाला होता.

रिचर्ड चेनेविक्स या आयरिश रसायनज्ञाला ही सरळसरळ बनवाबनवी वाटली. त्यानं दुकानातून माल उचलला, प्रयोग केले आणि जाहीर केलं, की हे मूलद्रव्य वगैरे काही नाही, प्लॅटिनम आणि पारा एकत्र करून केलेली भेसळ आहे. त्याच वर्षी त्याला सोसायटीचं कोप्ले पदक मिळालं, त्यामुळं शब्दाला वजनही आलं. डिसेंबरात पुन्हा एक निनावी घोषणा झाली: प्लॅटिनम आणि पाऱ्यापासून जो कुणी हा धातू करून दाखवील त्याला वीस पौंड बक्षीस. बक्षीस न्यायला कुणी फिरकलं नाही. अखेर १८०५ मध्ये विल्यम हाइड वोलास्टन पुढं आला. पत्रक त्याचं, धातू त्याचा, बक्षिसाची घोषणाही त्याचीच. दक्षिण अमेरिकेतून आलेलं प्लॅटिनमचं खनिज शुद्ध करताना १८०२ मध्ये त्याला हा धातू सापडला होता. त्याच वर्षी आकाशात पॅलस नावाचा लघुग्रह दिसला होता, त्याचं नाव त्यानं धातूला दिलं. चेनेविक्सच्या अब्रूचं जे व्हायचं ते झालं.

एवढ्या गाजावाजानं जन्मलेल्या धातूला पुढं बराच काळ फारसं काम नव्हतं. जे काम होतं त्यातलं एक मात्र आपल्या गोष्टीच्या मुळाशी आहे.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आपल्याकडे हिवाळ्यात त्याची बातमी येतेच: बंद न्हाणीघर, गॅस गिझर, आणि दार फोडल्यावर आत सापडलेलं माणूस. रक्तातलं लोह ऑक्सिजनला धरतं आणि पेशींपाशी नेऊन सोडतं. कार्बन मोनॉक्साइड त्याच लोहाला दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो आणि लवकर सुटत नाही. हा वायू हवेत आहे का, हे ओळखायला जुन्या रसायनज्ञांना पॅलॅडियम क्लोराइडचा उपयोग झाला. त्याच्या तपकिरी द्रावणात कागदाची पट्टी भिजवायची आणि संशय असेल तिथं धरायची. वायू असला तर पट्टी काळी पडते. तो क्षारातून पॅलॅडियम मोकळं करतो, आणि त्या धातूचे कण इतके बारीक असतात, की चकाकण्याऐवजी काजळीसारखे दिसतात.

म्हणजे या दोघांची पहिली ओळख ही अशी. एकानं दुसऱ्याला काळं फासायचं. आणि आज याच जोडीकडून औषधं, प्लॅस्टिकं, अत्तरातली द्रव्यं करून घेतली जातात. मधल्या काळात रसायनशास्त्रानं काय शिकून घेतलं, असं कुणी मला विचारलं तर मी म्हणेन, पॅलॅडियमला काळं पडू न देणं. बाकीचं सगळं त्यातून आलं.

वायू धातूला नुसता धरत नाही, त्याला पळवूनही नेतो, हे आधी कळलं ते निकेलच्या बाबतीत. लुडविग मोंड हा जर्मनीतून इंग्लंडला आलेला कारखानदार. त्याच्या एका प्रक्रियेत निकेलच्या झडपा अकारण झिजायला लागल्या. लांगर आणि क्विन्के या सहकाऱ्यांना घेऊन त्यानं शोध घेतला. बारीक निकेलवरून कार्बन मोनॉक्साइड जाऊ दिला आणि बाहेर पडणारा वायू पेटवला, तर त्याची नेहमीची निळी ज्योत उजळ झाली. ज्योतीत थंड चिनी मातीचा तुकडा धरला, त्यावर निकेलचा आरसा उमटला. घन धातू वायूच्या पाठीवर बसून हवेत निघाला होता. १८९० मध्ये त्यांनी हे निकेल कार्बोनिल जगापुढं ठेवलं. द्रवरूपात हे जेमतेम ४३ अंशांना उकळतं, आणि इतकं विषारी, की त्याच्यापुढं नुसता कार्बन मोनॉक्साइड सज्जन म्हणावा.

चारच वर्षांनी, १८९४ मध्ये, अमेरिकेतल्या पिट्सबर्गजवळ फ्रान्सिस फिलिप्स हा प्राध्यापक नैसर्गिक वायूचं पृथक्करण करत होता. त्याला दिसलं, की पॅलॅडियम क्लोराइड इथिलीननंही काळं पडतं, आणि त्यात इथिलीनचं ॲसिटाल्डिहाइड होतं. त्यानं नोंद केली आणि तो पुढच्या वायूकडे वळला. साठ वर्षं ती नोंद ग्रंथालयात धूळ खात पडली.

मधली पानं जर्मनीची आहेत. जर्मनीकडे तेल नव्हतं, कोळसा मुबलक होता. कोळशापासून ॲसिटिलीन आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही मिळतात. लुडविग्सहाफेनला बीएएसएफच्या कारखान्यात वाल्टर रेपे १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून ॲसिटिलीनच्या मागे लागला. ॲसिटिलीन दाबलं की फुटतं, म्हणून दीड वातावरणाच्या वर ते दाबायला बंदी होती. रेपेनं उपकरणंच नव्यानं घडवली, पोलादी गोळ्यांत प्रयोग केले, नळ्यांत बारीक नळ्या भरल्या, म्हणजे स्फोट झाला तरी पसरायला त्याला जागा मिळू नये. अशा तजविजीनं त्यानं ॲसिटिलीन, पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड यांना निकेल कार्बोनिलच्या साक्षीनं एकत्र आणलं, आणि ॲक्रिलिक ॲसिड मिळवलं. रेणूत कार्बन मोनॉक्साइड अख्खाच्या अख्खा बसवण्याच्या या कामाला 'कार्बोनिलेशन' हे नाव त्याचंच. १९३८ मध्ये ओटो रोएलेननं कोबाल्ट वापरून त्याच जातीची दुसरी वाट काढली. दोन्ही वाटा मोठ्या कारखान्यांच्या झाल्या, पण जाड पोलाद, प्रचंड दाब आणि विषारी कार्बोनिल या तिघांना सोडून चालता येत नव्हतं. नाजूक रेणू घेऊन बसलेल्या प्रयोगशाळेतल्या माणसाला त्यांचा उपयोग बेताचाच.

फिलिप्सची धूळ खाणारी नोंद झटकली ती म्युनिकमध्ये, वाकर कंपनीच्या संशोधन संस्थेत. युर्गेन स्मिट आणि त्याच्या सहकाऱ्यांना १९५० च्या दशकात इथिलीनपासून ॲसिटाल्डिहाइड हवं होतं. फिलिप्सच्या प्रयोगात ते मिळत होतं, पण एकदा पॅलॅडियम काळं पडलं की संपलं. जेवढं पॅलॅडियम तेवढंच उत्पन्न, म्हणजे सोन्याच्या भावात व्हिनेगर. त्यांनी काय केलं, तर काळं पडलेलं पॅलॅडियम तांब्याच्या क्लोराइडनं पुन्हा विरघळवलं, आणि दमलेल्या तांब्याला हवेतल्या ऑक्सिजननं ताजंतवानं केलं. चिमूटभर पॅलॅडियम आता फिरून फिरून राबायला लागलं. रहाटगाडग्याच्या पोहऱ्यानं रिकामं होऊन पुन्हा भरायला खाली जावं, तसं. १९५९ मध्ये हे छापून आलं आणि पॅलॅडियमकडे पाहण्याची रसायनज्ञांची नजरच बदलली. काळं पडणं हा शेवट नव्हता.

जपानमध्ये जिरो त्सुजी नावाच्या तरुणाच्या हे बरोबर ध्यानात आलं. अमेरिकेतून पीएच.डी. करून परतल्यावर तो १९६२ मध्ये तोरे या धाग्यांच्या कंपनीच्या कामाकुरातल्या प्रयोगशाळेत रुजू झाला. म्युनिकच्या लोकांनी पॅलॅडियमच्या मदतीनं कार्बनला ऑक्सिजन जोडला होता. मग कार्बनला कार्बन का जोडता येऊ नये, हा त्याचा प्रश्न. १९६३ मध्ये त्यानं पॅलॅडियमला बिलगलेलं इथिलीन घेतलं, त्यावर कार्बन मोनॉक्साइड सोडला, आणि इथिलीनच्या एका टोकाला कार्बोनिल, दुसऱ्याला क्लोरीन असलेला रेणू मिळवला. दोन वर्षांनी त्यानं ऱ्होडियमच्या संयुगानं याच्या उलटं करून दाखवलं: ॲल्डिहाइडमधून कार्बन मोनॉक्साइड अलगद बाहेर काढला. आत घालायची वाट आणि बाहेर काढायची वाट एकच आहे, फक्त जाण्याची दिशा वेगळी, हे त्सुजीला फार लवकर उमगलं होतं. मात्र त्याच्या पहिल्या प्रयोगांत पॅलॅडियम पोत्यानं लागत होतं. काम झालं की ते काळं होऊन बुडाशी बसायचं.

आता रिचर्ड हेक. १९३१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जन्म. १९५७ मध्ये तो डेलावेअरमधल्या हर्क्युलिस कंपनीत लागला. कंपनीला संक्रमण धातूंत काहीतरी करून हवं होतं, नेमकं काय ते तिलाही सांगता येत नव्हतं. संशोधकाला याहून चांगली नोकरी मिळणं कठीण. डेव्हिड ब्रेस्लोबरोबर त्यानं रोएलेनच्या कोबाल्टच्या प्रक्रियेत पायरीपायरीनं काय घडतं ते १९६१ मध्ये उलगडून दाखवलं. धातूवर आधी काय बसतं, मग काय सरकतं, शेवटी काय उतरतं, याचा हिशेब. असा पक्का हिशेब त्या काळात कुणाकडे नव्हता. पुढं पॅलॅडियमकडे वळताना हा हिशेब त्याच्या खिशातच होता.

१९६८ मध्ये त्यानं एकापाठोपाठ एक सात निबंध छापले. त्यांतून जी प्रक्रिया निघाली तिला पुढं त्याचं नाव मिळालं, आणि २०१० चं नोबेलही तिच्याच वाटेनं आलं. पण मला हेकचं खरं कसब दिसतं ते १९७४ च्या तीन निबंधांत. तोवर तो हर्क्युलिस सोडून डेलावेअर विद्यापीठात गेला होता. शोनबर्ग आणि बार्तोलेत्ती हे त्याचे सहकारी. त्यांचा प्रयोग आज कुणाही एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला करता येईल इतका सोपा दिसतो. ब्रोमोबेंझीन किंवा आयोडोबेंझीन, ब्युटॅनॉल, ट्रायब्युटिलअमीन हा अल्क, आणि पॅलॅडियमचं ट्रायफिनाइलफॉस्फीनबरोबरचं संयुग, शेकडा एक-दीड भाग. तापमान ६० ते १०० अंश. कार्बन मोनॉक्साइड एक वातावरण, म्हणजे आपल्याकडच्या प्रयोगशाळांत फुगा भरून लावतात तेवढ्यात भागतं. रेपेचे पोलादी गोळे नाहीत, भिंतीआड उभं राहून व्हॉल्व्ह फिरवणं नाही. काचेचा फ्लास्क आणि तेलाचं कढत भांडं, बस.

फ्लास्कच्या आत काय चालतं ते जरा जवळून पाहू. बेंझीनच्या वलयाचा कार्बन आणि त्याला चिकटलेला ब्रोमीन हे दोघं शेजारी. पॅलॅडियम त्यांच्या मधे शिरतं. पंगतीत दोन ओळखीच्यांच्या मधोमध तिसऱ्यानं पाट मांडावा आणि दोघांशीही बोलत राहावं, तसं. तेवढ्यात कार्बन मोनॉक्साइड पॅलॅडियमच्या मोकळ्या बाजूला येऊन बसतो. मग जे होतं ते मोठं नामी आहे. वलयाचा कार्बन पॅलॅडियमवरून उठतो आणि शेजारच्या कार्बन मोनॉक्साइडच्या कार्बनवर जाऊन बसतो. विषारी वायू आता वायू राहिलेला नाही, रेणूचा अवयव झाला आहे. एवढ्यात ब्युटॅनॉल येतं, त्या कार्बनला धरतं, आणि तयार झालेलं एस्टर पॅलॅडियम सोडून देतं. मागे उरलेलं आम्ल अमीन गिळून टाकतं. पॅलॅडियम पुन्हा रिकाम्या हातांनी पुढच्या ब्रोमोबेंझीनकडे.

ब्युटॅनॉलच्या जागी अमीन घातलं की एस्टरऐवजी अमाइड. कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन घातला की ॲल्डिहाइड, फक्त त्यासाठी दाब बराच वाढवावा लागतो. तीन निबंध, तीन दारं. आणि मधला खांब तोच.

यात काळं पडण्याचं काय झालं? याचं उत्तर फॉस्फीनमध्ये आहे. ट्रायफिनाइलफॉस्फीन म्हणजे एक फॉस्फरस आणि त्याला लागलेली तीन बेंझीनची वलयं, छत्रीसारखी पसरलेली. एका फेरीत पॅलॅडियमवर असा एक क्षण येतोच, की त्याच्या हातात काहीच नसतं. त्या क्षणी दोन उघडे अणू भेटले की एकमेकांना चिकटतात, तिसरा येतो, दहावा येतो, आणि फ्लास्कच्या काचेवर काळा थर चढतो. फॉस्फीन त्या उघड्या क्षणी पॅलॅडियमला आडोसा देतं. पण आडोसा देताना त्याला कवटाळून बसून चालत नाही, ब्रोमोबेंझीन आलं की बाजूला व्हावं लागतं. हेच कार्बन मोनॉक्साइडचंही. तो कमी पडला तर काम होत नाही, पण दाब वारेमाप वाढवला तर तोच पॅलॅडियमला चहूबाजूंनी असा घेरतो, की ब्रोमोबेंझीनला आत शिरायला वाव उरत नाही, आणि प्रक्रिया मंदावते. वायूच्या एका वातावरणात हेकचं काम झालं ते काही केवळ सोय म्हणून नव्हे. 'जास्त दाबा, जास्त मिळेल' हा रेपेच्या जमान्याचा खाक्या इथं लागू पडत नव्हता.

हेकचं पुढचं आयुष्य चटका लावणारं आहे. संशोधनाला पैसा मिळेनासा झाला, १९८९ मध्ये तो निवृत्त झाला आणि पुढं पत्नीच्या देशात, फिलिपिन्सला जाऊन राहिला. तिथं ऑर्किडं वाढवली. नोबेलची बातमी त्याला तिथंच कळली, निवृत्तीनंतर एकवीस वर्षांनी. २०१५ मध्ये मनिलात तो वारला. पारितोषिकाच्या बातम्यांत १९७४ च्या त्या तीन निबंधांची आठवण फारशी कुणी काढली नाही.

त्याच्यामागून बरेच जण या वाटेनं आले. कोलोराडोत जॉन स्टिलनं कार्बन मोनॉक्साइडच्या दोन्ही अंगांना कार्बन जोडून कीटोन करण्याची रीत बसवली. तो १९८९ च्या जुलैमध्ये आयोवातल्या सू सिटीच्या विमान अपघातात गेला.

कारखान्यांनी मात्र हेकपासून एक वेगळाच धडा घेतला: पॅलॅडियम तेच ठेवा, फॉस्फीन बदलून पाहा. ॲमस्टरडॅमला शेलच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आइटे ड्रेंट इथिलीन, कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेनॉल यांच्यापासून मिथिल प्रोपिओनेट हे साधं एस्टर करत होता. ट्रायफिनाइलफॉस्फीननं ते होत होतं. त्यानं त्याऐवजी दोन फॉस्फरस एका साखळीनं जोडलेलं फॉस्फीन घातलं, जे पॅलॅडियमला खेकड्याच्या नांगीसारखं दोन्हीकडून धरतं. एस्टर गायब झालं आणि भांड्यात पांढरी भुकटी साचली. तपासल्यावर कळलं, की एक इथिलीन, एक कार्बन मोनॉक्साइड, पुन्हा इथिलीन, पुन्हा कार्बन मोनॉक्साइड अशी एक लांबलचक माळ झाली आहे, आणि मण्यांची पाळी चुकलेली नाही. साखळी सोडून द्यायच्या ऐवजी पॅलॅडियम ती वाढवतच सुटलं होतं. शेलनं त्याचं कॅरिलॉन नावाचं प्लॅस्टिक १९९६ मध्ये बाजारात आणलं. चिवट, तेलाला दाद न देणारं, स्वस्त वायूंपासून बनणारं. २००० मध्ये कंपनीनं ते गुंडाळलं.

आता गंमत पाहा. इंग्लंडमध्ये आयसीआयच्या लोकांना नेमकं तेच मिथिल प्रोपिओनेट हवं होतं, कारण त्यातून ॲक्रिलिक काचेचा कच्चा माल होतो. दुकानाच्या पाट्या, मत्स्यालयं, गाड्यांचे मागचे दिवे ज्याचे असतात तो. जुन्या पद्धतीत त्यासाठी हायड्रोजन सायनाइड लागायचा. विषाला पर्याय म्हणून विष, अशी ही अदलाबदल आहे खरी, पण सायनाइडच्या वाटेत सल्फ्युरिक आम्ल आणि त्यातून निघणारा अमोनियम क्षाराचा गाळ यांचीही भर पडते. त्यांनी जे फॉस्फीन निवडलं तेही दोन नांग्यांचंच, पण नांग्यांवर बेंझीनऐवजी ब्युटिलचे जाडजूड झुपके. त्या गर्दीत साखळी वाढायला जागाच उरत नाही. एक इथिलीन, एक कार्बन मोनॉक्साइड, की एस्टर सुटून बाहेर. शंभरातले नव्व्याण्णवहून अधिक रेणू हव्या त्याच रूपात. आयसीआयचा हा विभाग पुढं ल्युसाइट कंपनी झाला, आणि २००८ मध्ये सिंगापूरच्या जुराँग बेटावर वर्षाला १,२०,००० टनांचा कारखाना उभा राहिला. धातू तोच, वायू तेच. ब्युटिलच्या झुपक्यांनी प्लॅस्टिकचं एस्टर केलं.

दुसरा कारखाना टेक्सासमध्ये, बिशप नावाच्या छोट्या गावात. त्याची कथा आपल्या औषधाच्या डब्यापर्यंत येते. ब्रुफेन म्हणून आपण ज्याला ओळखतो ते इबुप्रोफेन नॉटिंगहॅमला बूट्स कंपनीत स्टुअर्ट ॲडम्सनं शोधलं आणि १९६९ पासून ते ब्रिटनमध्ये मिळायला लागलं. बूट्सची पद्धत सहा पायऱ्यांची. कच्च्या मालातल्या अणूंपैकी, वजनानं धरलं तर, ४० टक्केच गोळीत पोचायचे, उरलेल्या ६० टक्क्यांचं काय करायचं ते कारखान्यानं पाहायचं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर पेटंटची मुदत संपली आणि बाजारात स्पर्धा आली. बूट्सनं हेक्स्ट-सेलानीजशी हातमिळवणी केली आणि १९९२ मध्ये बिशपला तीन पायऱ्यांची पद्धत सुरू झाली. शेवटची पायरी आपली: आयसोब्युटिलबेंझीनपासून केलेलं अल्कोहोल, कार्बन मोनॉक्साइड आणि पॅलॅडियम. अणूंचा हिशेब ७७ टक्क्यांवर गेला, आणि पहिल्या पायरीतलं ॲसेटिक ॲसिड परत वापरलं तर ९९ च्या घरात. १९९७ मध्ये अमेरिकेचं हरित रसायनाचं अध्यक्षीय पारितोषिक त्याला मिळालं. आपण घेतलेल्या गोळीतलं इबुप्रोफेन यातल्या कोणत्या वाटेनं आलं ते पाकिटावर छापलेलं नसतं.

या शेवटच्या पायरीत एक मेख आहे, आणि तिच्यावर पुण्यात काम झालं आहे. कार्बन मोनॉक्साइड अल्कोहोलच्या कार्बनवर, वलयाला लागून बसला तर इबुप्रोफेन. एक घर पुढं सरकून साखळीच्या टोकाला बसला तर वजनानं तेवढाच, दिसायला जवळजवळ तसाच, पण निरुपयोगी रेणू. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पुण्याच्या बोलीत एनसीएलमध्ये, रघुनाथ चौधरी आणि त्यांचे विद्यार्थी १९९० च्या दशकाच्या अखेरीस या दोन घरांच्या निवडीच्या मागे लागले होते. चौधरी हे रासायनिक अभियांत्रिकीतले. त्यामुळं 'होतं' एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. किती वेगानं होतं, दाब दुप्पट केला तर वेगाचं काय होतं, कुठली पायरी सगळ्यांना अडवून धरते, हे त्यांना आकड्यांत हवं होतं. त्यांच्या गटाला दिसलं, की अल्कोहोल थेट पॅलॅडियमवर चढतच नाही. आधी त्यातून पाणी निघून स्टायरिन बनतं, त्याचं क्लोराइड होतं, आणि ते क्लोराइड पॅलॅडियमला भेटतं. म्हणून आम्ल आणि लिथियम क्लोराइड या वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या मिठामसाल्याला मोठं महत्त्व. ते योग्य मापात घातले, की जवळजवळ सगळा माल योग्य घरातच बसतो. त्यांच्या गटानं पॅलॅडियमला नायट्रोजन आणि ऑक्सिजन अशा दोन हातांनी धरणारं नवं संयुगही केलं, तेही याच कामासाठी.

चौधरींबरोबर १९९५ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात छापून आलेल्या एका निबंधावर भालचंद्र भानगे यांचंही नाव होतं. तो निबंध वेगळ्या धातूचा. पुढं भानगे मुंबईला माटुंग्याच्या संस्थेत गेले. जुने लोक तिला अजून यूडीसीटी म्हणतात, कागदोपत्री ती आता आयसीटी. तिथं त्यांच्या विद्यार्थ्यांनी उलटीच खटपट केली: फॉस्फीन काढून टाकण्याची. फॉस्फीन महाग, हवेत टिकत नाही, आणि काम झाल्यावर मालातून वेगळं करताना जीव खातं. त्यांनी पॅलॅडियम कोळशाच्या भुकटीवर बसवलं, जे कुठल्याही प्रयोगशाळेच्या कपाटात असतं, आणि त्यानंच कार्बोनिलेशन करून दाखवलं. काम झालं की गाळायचं आणि पुन्हा वापरायचं. इतकी वर्षं ज्याला सगळे घाबरले ते काळं पॅलॅडियम इथं मुद्दाम बाटलीतून काढून घातलं जातं.

कार्बन मोनॉक्साइडचं सिलिंडर मात्र अजूनही लोकांना नको असतं. बऱ्याच प्रयोगशाळा त्यासाठी परवानगीच देत नाहीत. डेन्मार्कमध्ये ऑर्हूसला ट्रोल्स स्क्रिड्स्ट्रपनं २०११ च्या सुमाराला यावर तोडगा काढला. दोन काचेचे कप्पे, मधून जोडणारी नळी, इंग्रजी एच अक्षरासारखे. एका कप्प्यात एक घन आम्ल क्लोराइड घालायचं; पॅलॅडियम त्यातून कार्बन मोनॉक्साइड सोडवतं. वायू नळीतून पलीकडे जातो आणि दुसऱ्या कप्प्यातलं पॅलॅडियम त्याला रेणूत बसवतं. जेवढा हवा तेवढाच बनतो, बनतो तेवढा संपतो. त्सुजीच्या दोन्ही दिशा एकाच काचेत.

याच मोजून-मापून वापरण्याची एक अगदी टोकाची तऱ्हा स्वीडनमध्ये उप्साला इथं बेंग्ट लाँगस्ट्रॉमच्या गटानं रुळवली. किरणोत्सारी कार्बन-११ चा मोनॉक्साइड वापरून औषधाचा रेणू घडवायचा, आणि तो शरीरात कुठं जातो ते स्कॅनरवर पाहायचं. कार्बन-११ चं अर्धायुष्य वीस मिनिटं. सायक्लोट्रॉनमधून बाहेर पडल्यापासून घड्याळ सुरू. वायू पकडायचा, जोडायचा, शुद्ध करायचा, सुईत भरायचा, आणि तोवर अर्ध्याहून अधिक माल आपोआप नाहीसा झालेला असतो. इथं पॅलॅडियमनं दोन मिनिटं जरी जास्त घेतली तरी परवडत नाही.

औषधात मात्र पॅलॅडियम मागे राहिलेलं चालत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणं तोंडानं घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलॅडियम पोटात जाऊ नये. म्हणून प्रक्रिया संपली की शेवटी त्याला मुद्दाम काळं पाडतात, किंवा गंधक असलेल्या एखाद्या पावडरीला चिकटवतात, आणि मग सेलाइट या गाळायच्या भुकटीच्या पांढऱ्या थरातून सगळं गाळतात. खाली स्वच्छ द्रावण उतरतं. वर सेलाइटवर काळा चकतीसारखा थर राहतो. तो फेकायचा नसतो, शुद्धीकरणाला परत पाठवायचा असतो, आणि डब्यात भरताना पाण्यानं ओला ठेवायचा असतो. मिथेनॉलनं धुतलेला काळा थर निष्काळजीपणानं कोरडा होऊ दिला तर हवेतच पेट घेतो.